चंद्राच्या पाठीवरील शेजारी: डॉ. होमी भाभा आणि फादर लमेत्र

मुंबईत जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचे नाव चंद्रावरील एका विवराला दिलेले आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना कधीतरी ऐकलेली असेल. ते शास्त्रज्ञ म्हणजे भारताच्या अणुविज्ञानाचे शिल्पकार डॉ. होमी जहांगीर भाभा. परंतु त्याच निर्जन प्रदेशात, भाभा विवरापासून सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर, एका कॅथोलिक धर्मगुरूच्या नावाचेही विवर आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ते धर्मगुरू म्हणजे बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र. विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला, या सिद्धान्ताचा पाया त्यांनीच घातला. दोघांचे निधन एकाच वर्षी, १९६६ साली झाले. दोघांची नावे एकाच वर्षी, १९७० साली, चंद्राच्या नकाशावर आली. आणि दोघांची विवरे चंद्राच्या ज्या बाजूस आहेत, ती बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही.

ही नावे तेथे कशी पोहोचली, ती कोणी व कोणत्या नियमाने दिली, हे समजून घेण्यासारखे आहे. विज्ञान जास्त शिकले की मुलांची श्रद्धा डळमळते, अशी भीती आजही काही पालकांच्या मनात असते. ख्रिस्तसभा विज्ञानाच्या विरोधात आहे, अशी समजूत घेऊन काही तरुण महाविद्यालयातून घरी येतात. चंद्राच्या पाठीवरील हे दोन शेजारी त्या दोघांनाही काही सांगू शकतील.

न दिसणारी बाजू

चंद्र पृथ्वीभोवती एक फेरी सुमारे २७.३ दिवसांत पूर्ण करतो आणि स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करण्यासही त्याला नेमका तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे त्याचा एकच चेहरा सदैव आपल्याकडे असतो. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने कोट्यवधी वर्षांच्या ओढाताणीत चंद्राचे स्वतःभोवती फिरणे मंद करीत आणले आणि अखेर या दोन्ही गती जुळल्या. वेदीभोवती प्रदक्षिणा घालणारा मनुष्य तोंड सतत वेदीकडेच ठेवून चालला, तर वेदीजवळ उभ्या असलेल्यास त्याची पाठ कधीच दिसणार नाही. तसाच हा प्रकार आहे. चंद्राच्या किंचित डोलण्यामुळे कडेचा थोडा भाग अधूनमधून नजरेस पडतो. तरीही सर्व मिळून त्याच्या पृष्ठभागाचा सुमारे ५९ टक्के भागच पृथ्वीवरून पाहता येतो.

या बाजूला 'अंधारी बाजू' म्हणण्याची रूढी आहे, पण ती चुकीची आहे. तेथेही आपल्या बाजूइतकाच सूर्यप्रकाश पडतो. अमावास्येला आपल्याला चंद्र दिसत नाही, तेव्हा ती पाठीमागची बाजू पूर्ण उजळलेली असते. ती अंधारी नाही. केवळ आपल्या दृष्टीआड आहे.

या बाजूच्या दक्षिणेकडील भागात सुमारे २,५०० किलोमीटर रुंदीचा एक प्रचंड खोलगट प्रदेश आहे. त्याला साउथ पोल-एटकेन द्रोणी असे नाव आहे. भारताच्या उत्तर-दक्षिण लांबीच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग तिच्यात मावेल. अब्जावधी वर्षांपूर्वी एका प्रचंड आघाताने ती निर्माण झाली. या द्रोणीच्या आत भाभा विवर आहे. त्याचा व्यास ६५ ते ७० किलोमीटरच्या दरम्यान भरतो. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या वाचकांना हे माप सहज कळेल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून लोकल सुटते, ठाणे ३४ किलोमीटरवर येते, कल्याण ५४ किलोमीटरवर, आणि बदलापूरला गाडी पोहोचते तेव्हा सुमारे ६८ किलोमीटर रूळ मागे पडलेले असतात. एवढा प्रवास भाभा विवराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत होईल. विवराच्या मध्यभागी एक शिखरही आहे. फादर लमेत्र यांचे विवर याहून मोठे, सुमारे ९० किलोमीटर व्यासाचे आहे. दोहोंमधील अंतर म्हणजे मुंबईहून रेल्वेने मनमाड ओलांडून नांदगाव-चाळीसगावच्या दरम्यान पोहोचण्याइतके.

चंद्राचे नकाशे आणि येशूसंघीय धर्मगुरू

ख्रिस्तसभेचा चंद्राशी संबंध फार जुना आहे. पुनरुत्थानाचा सण दरवर्षी निरनिराळ्या तारखेला का येतो, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर चंद्रात आहे. २१ मार्च या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा सणाचा दिवस. हे गणित बिनचूक राहावे म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये पंचांगाची सुधारणा केली. त्या कामात येशूसंघीय गणितज्ञ फादर ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांचा मोठा वाटा होता. आज जगभर भिंतीवर लटकणारी दिनदर्शिका ही त्या सुधारणेची देणगी होय.

चंद्रावरील स्थळांना नावे देण्याची आजची पद्धतही एका येशूसंघीय धर्मगुरूने घालून दिली. इटलीतील बोलोन्या येथे अध्यापन करणारे फादर ज्योव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली यांनी १६५१ मध्ये आपला खगोलशास्त्राचा महाग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील चंद्राचा नकाशा त्यांचे सहकारी फादर फ्रांचेस्को मारिया ग्रिमाल्दी यांनी काढला होता. चंद्रावरील काळसर सपाट प्रदेशांना समुद्रांची नावे आणि विवरांना तत्त्ववेत्त्यांची व खगोलशास्त्रज्ञांची नावे, अशी त्यांची योजना होती. मनुष्य प्रथम ज्या 'शांत समुद्रा'वर उतरला, ते नावही याच नकाशातून आले. क्लाव्हियस यांच्या नावाचे विवर तर चंद्राच्या दर्शनी भागातील सर्वांत मोठ्या विवरांपैकी एक आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हा कोपर्निकसचा सिद्धान्त रिच्चोली यांना मान्य नव्हता. आपल्या ग्रंथात त्यांनी त्याविरुद्ध सविस्तर युक्तिवाद केला. तरीही त्यांनी चंद्रावरील एका अत्यंत ठळक व तेजस्वी विवराला कोपर्निकसचे नाव दिले. मत पटले नाही म्हणून मनुष्याचा मान कमी केला नाही. गॅलिलिओच्या प्रकरणात ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांकडून चूक झाली, हे पोप योहान पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये उघडपणे मान्य केले. ती चूक लपवण्याचे कारण नाही. मात्र रिच्चोलींचा नकाशाही त्याच शतकातला आहे, हे विसरून चालणार नाही.

१९५९ ते १९७०

रिच्चोलींनंतर तीनशे वर्षे नावे वाढत राहिली, पण ती सर्व चंद्राच्या दर्शनी भागावर. पाठ कोणी पाहिलीच नव्हती. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत संघाच्या लूना-३ या यानाने चंद्राला वळसा घालून तिची पहिली छायाचित्रे पाठवली. ती अस्पष्ट होती, तरी एक आश्चर्य त्यांतून उघड झाले. आपल्याला दिसणाऱ्या बाजूवर जसे विस्तीर्ण काळसर 'समुद्र' आहेत, तसे तेथे फारच थोडे होते. सर्वत्र विवरेच विवरे होती. पुढे १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत अमेरिकेच्या पाच लूनर ऑर्बिटर यानांनी जवळपास संपूर्ण चंद्राची छायाचित्रे घेतली. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो-८ मधील तीन अंतराळवीरांनी चंद्राची पाठ प्रथमच मानवी डोळ्यांनी पाहिली. नाताळच्या पूर्वसंध्येस, चंद्राभोवती फिरत असताना, त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टिनिर्मितीचा आरंभीचा भाग वाचला आणि तो पृथ्वीवर असंख्य लोकांनी ऐकला.

आता शेकडो विवरे छायाचित्रांत स्पष्ट दिसत होती, पण त्यांना नावे नव्हती. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ही जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची संस्था १९१९ मध्ये स्थापन झाली. आकाशस्थ स्थळांच्या नावांना मान्यता देण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. संघाने अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड मेन्झेल यांच्या अध्यक्षतेखाली एक कार्यगट नेमला. ऑगस्ट १९७० मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे भरलेल्या अधिवेशनात चंद्राच्या पाठीवरील ५०० हून अधिक नावांना एकदम मान्यता मिळाली. त्यांत भाभा होते, आचार्य जगदीशचंद्र बसू होते, मेघनाद साहा आणि शिशिरकुमार मित्र होते. फादर लमेत्रही त्याच यादीत होते.

संघाचे नियम साधे पण कडक आहेत. ज्याचे नाव द्यायचे, त्याच्या मृत्यूला किमान तीन वर्षे झालेली असावीत. १९७० मध्ये काही हयात अंतराळवीरांसाठी अपवाद करण्यात आला, परंतु शास्त्रज्ञांच्या बाबतीत मृत्यूनंतरचाच सन्मान अभिप्रेत आहे. राजकीय, लष्करी किंवा धार्मिक महत्त्वामुळे नाव दिले जात नाही. विकत घेऊन, वशिला लावून किंवा स्वतः अर्ज करून ते मिळत नाही. 'चंद्रावर आपल्या नावाची जागा' म्हणून जी प्रमाणपत्रे बाजारात विकली जातात, त्यांचा या अधिकृत नकाशाशी काहीही संबंध नाही.

या नियमांचा अर्थ असा की, फादर लमेत्र यांचे नाव ते धर्मगुरू होते म्हणून तेथे नाही. नकाशावर 'फादर' हा शब्दही नाही. व्हॅटिकन वेधशाळेचे दोन येशूसंघीय संचालक, फादर योहान हेगन आणि फादर योहान श्टाइन, आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ऑगस्टिनियन मठाधिपती ग्रेगोर मेंडेल यांच्या नावांची विवरेही चंद्राच्या याच बाजूला आहेत. तीही केवळ त्यांच्या कामासाठीच. आपल्या दृष्टीने ही अधिक आनंदाची गोष्ट मानायला हवी. ज्या जगाने त्यांच्या झग्याकडे पाहिले नाही, त्या जगालाही त्यांचे काम मान्य करावे लागले.

ठाण्याच्या खाडीकाठचे भाभा

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी अभियंता व्हावे आणि परत येऊन उद्योगात लक्ष घालावे, या वडिलांच्या इच्छेनुसार ते केंब्रिज येथे यंत्रशास्त्र शिकण्यास गेले. ती परीक्षा त्यांनी उत्तम प्रकारे उत्तीर्ण केली, पण मन भौतिकशास्त्रात रमले होते. पुढे त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. अंतराळातून पृथ्वीवर अहोरात्र सूक्ष्म कणांचा मारा होत असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. असा एखादा वेगवान कण वातावरणात शिरला की त्यातून दुसरे कण, त्यांतून आणखी कण, असा वर्षाव कसा निर्माण होतो, याची उपपत्ती भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडली. विश्वकिरणांत सापडलेल्या एका नव्या प्रकारच्या कणासाठी 'मेसॉन' हे नाव सुचवणारेही भाभाच. ज्यांनी कणाला नाव दिले, त्यांचे नाव पुढे विवराला मिळाले.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाल्यावर ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम काठावर, ट्रॉम्बे येथे, त्यांनी अणुसंशोधन केंद्र उभारले. तेथील अप्सरा ही भारतातील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरवलेल्या परिषदेचे अध्यक्षपद भाभा यांनीच भूषविले होते.

देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूर येथे, तत्कालीन ठाणे जिल्ह्यात, उभारण्याचे ठरले ते त्यांच्याच काळात. तारापूर २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. तेथून व्यावसायिक तत्त्वावर वीज मिळू लागली ती ऑक्टोबर १९६९ मध्ये, पण ती पाहण्यास भाभा हयात नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले असता त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लां शिखरावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. पुढील वर्षी ट्रॉम्बे येथील केंद्राला भाभा यांचे नाव देण्यात आले.

स्मरण म्हणजे आंधळी स्तुती नव्हे. तारापूरच्या पुढील विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील कुटुंबांना आपली घरे व किनारा सोडावा लागला, हेही याच इतिहासाचे एक पान आहे. विज्ञानाची फळे आपण सर्वजण उपभोगतो. त्यांची किंमत मात्र काही थोड्यांनाच मोजावी लागते. श्रद्धावंतांनी हे दुखणे आपले मानले पाहिजे.

आदिम अणूचे धर्मगुरू

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरोआ येथे झाला. येशूसंघीयांच्या शाळेत शिक्षण झाल्यावर त्यांनीही भाभांप्रमाणेच आरंभी अभियांत्रिकीचा मार्ग धरला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात लढले. युद्धानंतर त्यांनी गणित व भौतिकशास्त्राकडे मोर्चा वळवला आणि १९२३ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. ते येशूसंघीय नव्हते. धर्मप्रांताचे धर्मगुरू होते. दीक्षेनंतर लगेच ते केंब्रिजला गेले. भाभा त्याच विद्यापीठात काही वर्षांनी पोहोचले, त्यामुळे त्यांची तेथे गाठ पडली नाही.

१९२७ मध्ये फादर लमेत्र यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. विश्व स्थिर नसून प्रसरण पावत आहे आणि दूरच्या दीर्घिका आपल्यापासून अधिक वेगाने दूर जात आहेत, असे त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून आणि उपलब्ध निरीक्षणांवरून दाखवले. निबंध फ्रेंच भाषेत आणि एका अपरिचित नियतकालिकात असल्याने तो फारसा वाचला गेला नाही. १९२९ मध्ये एडविन हबल यांच्या निरीक्षणांनी तीच गोष्ट जगापुढे आली आणि नियमाला हबल यांचे नाव मिळाले. अखेर २०१८ मध्ये, चंद्रावरील नावांना मान्यता देणाऱ्या त्याच आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने, या नियमास 'हबल-लमेत्र नियम' म्हणावे अशी शिफारस केली. १९३१ मध्ये फादर लमेत्र आणखी एक पाऊल पुढे गेले. विश्व प्रसरण पावत असेल, तर भूतकाळात ते अधिकाधिक लहान व दाट असले पाहिजे. त्या आरंभबिंदूला त्यांनी 'आदिम अणू' असे म्हटले.

या कल्पनेला पुढे 'महास्फोट' हे जे नाव चिकटले, ते त्यांनी दिलेले नव्हते. ते फ्रेड हॉइल यांनी १९४९ मध्ये एका नभोवाणी भाषणात वापरले. हॉइल या सिद्धान्ताचे विरोधक होते. आपल्या महाराष्ट्राचे डॉ. जयंत नारळीकर हे हॉइल यांचेच शिष्य व सहकारी. त्यांनीही महास्फोटाच्या सिद्धान्तावर आयुष्यभर शास्त्रीय आक्षेप घेतले. विज्ञानात मतभेद असे उघडपणे आणि आकडेमोडीने मांडले जातात. त्यात कोणाचा अपमान नसतो.

भाभांप्रमाणे फादर लमेत्र यांनीही विश्वकिरणांचा अभ्यास केला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे या किरणांच्या वाटा कशा वळतात, याचे गणित त्यांनी मेक्सिकोचे शास्त्रज्ञ मान्वेल व्हायार्ता यांच्यासमवेत १९३३ मध्ये मांडले. विश्वकिरण हे आदिम अणूचे अवशेष असावेत, अशी त्यांना आशा होती. ती खरी ठरली नाही. विश्वाच्या बाल्यावस्थेचा खरा अवशेष म्हणजे सर्व दिशांनी येणारे मंद सूक्ष्मतरंग. त्यांचा शोध १९६५ मध्ये जाहीर झाला. फादर लमेत्र तेव्हा आजारी होते. २० जून १९६६ रोजी लूव्हाँ येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी थोडेच दिवस ही वार्ता त्यांच्या कानी पोहोचली होती.

कल्याणची एक जुनी आठवण

फादर लमेत्र यांच्या जीवनातील सर्वांत बोधप्रद प्रसंग त्यांच्या शोधाचा नसून त्यांच्या संयमाचा आहे. त्याचे महत्त्व कळावे म्हणून प्रथम आपल्या कल्याणकडे वळू या.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कोस्मास नावाच्या व्यापाऱ्याने एक ग्रंथ लिहिला. भारताच्या किनाऱ्यावरील 'कल्लिआना' या बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि तेथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे, अशी नोंद त्यात आढळते. अनेक इतिहासकार हे कल्लिआना म्हणजे आपले कल्याण असे मानतात. म्हणून आपल्या भागातील ख्रिस्ती श्रद्धेच्या प्राचीनत्वाची चर्चा निघाली की कोस्मासचे नाव आदराने घेतले जाते. परंतु कोस्मासने तो ग्रंथ लिहिला तो कल्याणसाठी नव्हे. पृथ्वी गोल नसून सपाट आहे आणि विश्वाची रचना मोशेच्या पवित्र निवासमंडपासारखी आहे, हे पवित्र शास्त्राच्या आधारे सिद्ध करणे हा त्याचा हेतू होता. त्याच काळी, त्याच शहरातील योहान फिलोपोनस या ख्रिस्ती विद्वानाने पृथ्वी गोल असल्याचेच प्रतिपादन केले होते. कोस्मासचे मत ख्रिस्तसभेने कधी स्वीकारले नाही. त्याने डोळ्यांनी पाहिलेले आणि प्रवासात ऐकलेले आजही मोलाचे ठरते. पवित्र शास्त्रातून ओढूनताणून काढलेले भूगोलशास्त्र मात्र केव्हाच मागे पडले.

आता फादर लमेत्र यांच्याकडे येऊ. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी परमगुरुपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे केलेल्या भाषणात, विश्वाच्या आरंभाविषयीचे नवे विज्ञान हे ईश्वराच्या निर्मितिकार्याची जणू साक्षच देत आहे, अशा आशयाचे विचार मांडले. कोणत्याही श्रद्धाळू शास्त्रज्ञास हे ऐकून धन्य वाटले असते. फादर लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त हा निसर्गाविषयीचा तर्क आहे. उद्या नवी निरीक्षणे आली तर तो बदलेल किंवा टाकूनही द्यावा लागेल. त्यावर ईश्वरावरील श्रद्धा टेकवणे विज्ञानाच्याही हिताचे नाही आणि श्रद्धेच्याही नाही, अशी त्यांची धारणा होती. पुढील वर्षी, सप्टेंबर १९५२ मध्ये, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन रोममध्ये भरले. त्या शास्त्रज्ञांना उद्देशून केलेल्या भाषणात पोप महोदयांनी तसे विधान पुन्हा केले नाही. फादर लमेत्र यांच्याविषयीचा विश्वासही उणावला नाही. १९६० मध्ये ते त्याच विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले.

कोस्मासने पवित्र शास्त्रातून भूगोल काढला. फादर लमेत्र यांनी आपल्या भौतिकशास्त्रातून धर्मसिद्धान्त काढण्यास नकार दिला. दोघेही श्रद्धावंत होते. फरक श्रद्धेत नव्हता. कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोठे शोधावे, याच्या समजेत होता. विश्व कसे घडत गेले, हे दुर्बीण आणि गणित सांगते. ते आहे तरी का, आणि त्यात माझे जीवन कोणासाठी आहे, हे प्रभूच्या वचनापुढे बसून समजून घ्यावे लागते.

नावामागचे काम

१९७० नंतर भाभा विवराची आठवण नकाशापुरती उरली नाही. २२ ऑक्टोबर २००८ रोजी भारताने चांद्रयान-१ सोडले. त्यावरील एक अमेरिकी उपकरण चंद्रावरील खनिजे ओळखण्यासाठी होते. त्याने पाठवलेल्या माहितीवरून शास्त्रज्ञांनी साउथ पोल-एटकेन द्रोणीतील काही विवरांच्या मध्यशिखरांचा अभ्यास केला. त्यांत भाभा विवराचे शिखरही होते. तेथे पायरॉक्सिन या खनिजाचे विपुल अस्तित्व दिसून आले. विवरे आघाताने बनतात, तेव्हा खोलवरचा खडक उसळून मध्यशिखराच्या रूपाने वर येतो. म्हणून अशी शिखरे म्हणजे चंद्राच्या अंतरंगाकडे उघडणाऱ्या खिडक्याच. भाभांच्या नावाच्या पर्वतातील खडक वाचण्यास भारतानेच सोडलेले यान कामी आले. जून २०२४ मध्ये चीनच्या चांग'अ-६ यानाने याच द्रोणीच्या दुसऱ्या भागातून माती व खडक गोळा करून पृथ्वीवर आणले. चंद्राच्या पाठीवरून आलेले ते पहिले नमुने ठरले.

भाभा विवराला अगदी लागून, जवळजवळ खांद्याला खांदा लावून, दुसरे एक विवर आहे. ते आचार्य जगदीशचंद्र बसू यांचे. वनस्पतींच्या संवेदना आणि बिनतारी लहरी यांवर संशोधन करणाऱ्या बसूंना भौतिकशास्त्राची गोडी लागली ती कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात, येशूसंघीय फादर यूजेन लाफाँ यांच्या वर्गात. फादर लाफाँ यांचे नाव चंद्राच्या नकाशावर त्यांच्या शिष्याच्या नावाशेजारी नाही. पण त्यांच्यासारखे शिक्षक नसते, तर नकाशावरील किती नावे तेथे पोहोचली असती? आपल्या धर्मग्रामांतील शाळांत वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या धर्मगुरूंना, धर्मभगिनींना आणि प्रापंचिक शिक्षकांना हा प्रश्न मुद्दाम सांगण्यासारखा आहे.

पारशी घराण्यातील एक शास्त्रज्ञ, ब्राह्मो समाजाच्या संस्कारांत वाढलेला दुसरा, आणि बेल्जियमचा एक कॅथोलिक धर्मगुरू, असे तिघे त्या दूरच्या खोलगट प्रदेशात शेजारी झाले आहेत. त्यांनी एकमेकांना शेजारी म्हणून निवडले नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी प्रामाणिकपणे काम केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्यांनी त्यांची नावे जवळजवळ मांडली. आपल्या वसाहतींत आणि लोकलच्या डब्यांत निरनिराळ्या धर्मांचे लोक असेच न निवडता एकमेकांचे शेजारी होतात.

पास्काच्या रात्रीचा जागरणविधी पौर्णिमेच्या आसपास येतो. त्या रात्री चर्चबाहेर अग्नी पेटवला जातो आणि पास्काच्या मेणबत्तीमागून आपण अंधाऱ्या मंदिरात प्रवेश करतो. पहिले वाचन असते ते उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टिनिर्मितीचे. अपोलो-८ च्या अंतराळवीरांनी वाचले तेच. विश्वाच्या आरंभाचे गणित मांडणारे फादर लमेत्रही हेच वाचन ऐकत आणि प्रार्थना करीत. त्यांना त्यात आपले समीकरण शोधावे लागले नाही. पुढच्या वेळी त्या विधीसाठी चर्चच्या अंगणात उभे असताना, आपल्या मुलांना वर चंद्र दाखवावा आणि त्याच्या न दिसणाऱ्या बाजूवरील या शेजाऱ्यांची गोष्ट सांगावी. मग मेणबत्ती पेटवून त्यांच्यासह आत जावे.